बोडक्या बेटावरची झाडं

वनखात्यात जन्म घालवलेल्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचं ते बिबट्यावरच, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. संपादकांनीही फोनवर तेच सुचवलं. "नाशिकचे तुम्ही, उसातले बिबटे पाहिलेच असतील." पाहिले. दोन वेळा. दोन्ही वेळा बिबट्या शांतपणे निघून गेला आणि मी मोटरसायकल तिथेच टाकून पळालो. यावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहिता येत नाही, आणि त्या लिहून झाल्या.

मी लिहिणार आहे ते झाडं तोडण्याबद्दल. वनरक्षकाने, स्वतः लावलेली, जगवलेली, कोणाची हरकत नसलेली झाडं तोडण्याबद्दल. आमच्या सौभाग्यवती अजून पाहुण्यांना सांगतात, "लोक झाडं लावून पेपरात येतात, आमचे हे तोडून आले."

मी मूळचा सुरगाण्याकडचा, डोंगरातला. आमच्याकडे भात, नागली आणि बाकी सगळं जंगल. वनरक्षक म्हणून लागलो तोही तिकडेच. हे काम लोकांना वाटतं तितकं रंगीत नाही. खात्याने नकाशावर आखून दिलेला एक तुकडा असतो, तो रोज पायी फिरायचा. कुठे कुऱ्हाड लागली का, कुठे वणवा लागला का, कुठे कोणी कुंपण पुढे सरकवलं का, ते पाहायचं. पावसाळ्यात रोपं लावायची आणि उन्हाळ्यात ती मेली की का मेली याचा खुलासा द्यायचा. गावकरी आम्हाला 'गार्डसाहेब' म्हणतात. त्यातला 'साहेब' लाकूड हवं असलं की जरा लांबवतात.

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना माझी बदली झाली निफाडच्या बाजूला, एका जुन्या धरणाच्या फुगवट्यावर. फुगवटा म्हणजे धरणाच्या भिंतीमागे पसरलेलं पाणी. मी हजर झालो, सायकल लावली, आणि जंगल शोधू लागलो. एका बाजूला द्राक्षं, एका बाजूला ऊस, मध्ये नजर पोचेपर्यंत पाणी. "वन कुठाय?" असं मी जुन्या गार्डला विचारलं. त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. "हेच. पक्ष्यांचं हाय." पोहता येत नाही हे मी त्याला सांगितलं नाही.

पाण्याच्या मधोमध एक बेट होतं. धरण होण्याआधी ते गावाचं टेकाड होतं, पाणी आलं तसं बेट झालं. खडी, वाळू, थोडं खुरटं गवत, बाकी काही नाही. गावात त्याला बोडकं बेट म्हणत. मला ते नाव फार लागलं. डोंगरातल्या माणसाला उघडी जमीन म्हणजे घरात आजारी माणूस असल्यासारखं वाटतं. वर हे बेट माझ्या ताब्यातलं. मनाशी म्हटलं, दोन वर्षांत याचं नाव बदलायला लावीन.

बेटावर न्यायला नाव होती ती यमुनाबाईंची. यमुनाबाई भोई समाजातल्या, साठीला टेकलेल्या, नवऱ्यामागे मासेमारीची नाव स्वतः चालवणाऱ्या. फुगवट्यात कुठे खडक आहे आणि कुठे बुडालेल्या गावाची विहीर आहे, हे त्यांना पाण्याकडे न बघता कळायचं. पहिल्या दिवशी मी नावेच्या मधोमध दोन्ही हातांनी फळी धरून बसलो. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "गारडसाहेब, फळी सोडा. ती बी बुडल तुमच्यासंगं."

पावसाळा सुरू झाला तशी मी दीडशे रोपं बेटावर नेली. करंज, शिरीष आणि बरीचशी सुबाभूळ, कारण सुबाभूळ कुठेही जगते. यमुनाबाई रोपं उतरवताना एवढंच म्हणाल्या, "इथं उन्हाळ्यात टोपीवाले बसत्यात." मी म्हणालो, "बसू द्या की, सावली होईल त्यांना." त्यांनी पुढची रोपं उतरवली. नाव भाड्याने घेणाऱ्याशी त्या पहिल्या महिन्यात वाद घालत नसत.

टोपीवाले म्हणजे नदी सुरय. पारव्याहून थोडा लांबट, करडा-पांढरा पक्षी. डोक्यावर काळीभोर टोपी, पिवळी चोच, शेपटीला दोन टोकं. हा घरटं बांधत नाही. वाळूत पोटाने घासून वाटीएवढा खळगा करतो आणि त्यात खड्यांच्या रंगाची दोन-तीन अंडी घालतो. उघड्यावर, भर उन्हात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त झाडं कळत होती.

पहिल्या उन्हाळ्यात मी जे केलं ते आठवून अजून हसू येतं. चारी बाजूंनी धरणाचं पाणी, आणि मी मध्यावर कॅन भरभरून टेकाड चढतोय. हातांना घट्टे पडले. सौ. म्हणायच्या, "पोरांना कधी एवढं पाणी पाजलं नाही." पण रोपं जगली. तिसऱ्या वर्षी सुबाभळी माझ्या डोक्यावर गेल्या, शिरिषाला पहिली फुलं आली. रेंजर साहेब येऊन फोटो काढून गेले. पत्र्याच्या पाटीवर 'हरित बेट' असं रंगवून लावलं. नाशिकहून मंजिरीताई आल्या, त्यांच्या वीस-पंचवीस जणांच्या ग्रुपसकट. बँकेतून निवृत्त झालेल्या, कॉलेज रोडला राहणाऱ्या, बोलायला गोड आणि आवाजाने कडक. निसर्गावर त्यांचं खरोखर प्रेम होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि भाषणात म्हणाल्या, "एका माणसाने ओसाड बेटाला जीवन दिलं." मी मान खाली घालून उभा होतो, पण आतून बारा हात उंच झालो होतो.

यमुनाबाई मागे नावेत बसून जाळं दुरुस्त करत होत्या. परतताना म्हणाल्या, "आवंदा टोपीवाले निम्मे बी नाय आले."

"पाऊस कमी झाला असेल," मी म्हणालो.

"पाऊस लय झाला," त्या म्हणाल्या. "तुमची झाडं कावळ्याची माची झालीत."

माची म्हणजे शेतातलं राखणीचं मचाण. माणूस तिच्यावरून पिकावर नजर ठेवतो. माझ्या झाडांवरून कावळे आणि घारी वाळूतल्या अंड्यांवर नजर ठेवत होत्या. बेट बोडकं होतं तेव्हा कावळ्याला टेकायला जागा नव्हती. शिकारी लांबूनच दिसायचा, आणि ऐंशी-शंभर पक्षी एकदम उठून त्याला चोचींनी झोडपायचे. कुत्रं पाण्यामुळे येत नव्हतं, कावळा उघड्यामुळे. तो त्यांचा किल्ला होता आणि मी त्याला शिड्या लावल्या होत्या.

हे मी आज एका परिच्छेदात लिहितो. तेव्हा मान्य करायला मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी यमुनाबाईंशी नीट बोललो नाही. दुसऱ्या गार्डांना सांगायचो, म्हातारीला काय कळतं. पण एप्रिलमध्ये एकटा काठावर जाऊन बसायचो आणि मोजायचो. चाळीस. मग अठरा. मग चार जोड्या. झाडं दर वर्षी उंच होत होती. मी शिरिषाखाली उभा राहिलो की बरं वाटायचं आणि त्याच वेळी वर कावळा दिसायचा. मला माझी झाडं फार आवडत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यात मी एवढं एकच काम कोणाच्या हुकमावाचून केलं होतं.

शेवटी अर्ज लिहिला. रेंजर साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे साहेब."

"तुम्ही लावलेली झाडं तुम्हाला तोडायची आहेत."

"होय साहेब."

"लोक झाडं तोडतात म्हणून आपण लोकांना पकडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

साहेब मात्र माणूस चांगला. स्वतः नावेतून येऊन पाहून गेले, पुस्तकं चाळली, आणि वर कागद पाठवला. कागद वरून खाली यायला वर्ष लागलं, पण आला. तोडायचा मुहूर्त फेब्रुवारीचा ठरला, कारण मार्चपासून सुरय अंड्यांच्या तयारीला लागतात. आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात बातमी फुटली की वनखातंच बेटावरची झाडं तोडणार.

मंजिरीताईंचा ग्रुप आला. या वेळी पन्नास जण, लाइफ जॅकेट घालून. नाव त्यांनी यमुनाबाईंचीच घेतली, यमुनाबाईंनी चार फेऱ्या मारून त्यांना बेटावर पोचवलं. "तुम्ही त्यांना कशाला नेलंत?" मी चिडून विचारलं. "नावंत बसणाराला मी जात इचारीत नाय, मत बी नाय," त्या म्हणाल्या. ग्रुपने प्रत्येक झाडाला राखी बांधली. श्रावण उलटून सहा महिने झाले होते, पण राख्या कुठून तरी मिळाल्या. सुबाभळीला राखी बांधलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

ताई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "गावित, तुम्हीसुद्धा? मी तुम्हाला शाल दिली होती हो."

"ताई, पक्षी..."

"पक्ष्यांना झाडं नकोत? पहिलीतल्या मुलाला विचारा, पक्षी कुठे राहतो!"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण पन्नास माणसं घोषणा देत असताना ते सांगता आलं नाही. खरं म्हणजे मला तितकंसं सांगायचंही नव्हतं. झाडं वाचली तर बरंच, असं एक मन म्हणत होतं. फोटो सगळीकडे फिरले, वरून तोंडी निरोप आला, तूर्त थांबा. मार्च लागला आणि थांबणं आपोआपच झालं.

झाडं चोरून तोडली जाऊ नयेत म्हणून ग्रुपने काठावर पहारा लावला. रोज दोघं-दोघं, पाळीपाळीने. मार्चच्या मध्यापर्यंत पाळ्या नीट चालल्या. मग ऊन वाढलं तसं कोणाच्या मुलीची परीक्षा निघाली, कोणाचा गुडघा दुखू लागला. एप्रिलमध्ये पहाऱ्याला एकट्या मंजिरीताई उरल्या. सकाळी सातला नाशिकहून गाडी चालवत यायच्या, बाभळीखाली घडीची खुर्ची टाकायच्या, छत्री, दुर्बीण, ताकाची बाटली. मी त्यांना चोरून झाडं तोडताना कधी सापडलो नाही, तेव्हा त्या मलाही ताक देऊ लागल्या. यमुनाबाई जाळं घेऊन शेजारी बसायच्या. असं आमचं तिघांचं एक चमत्कारिक कुटुंब झालं.

त्या उन्हाळ्यात बेटावर सुरयची एकच जोडी आली. पायथ्याच्या वाळूत तिने खळगा केला. बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ताई तेच बघू लागल्या. नर मासा आणून मादीला भरवतो, हे पाहून त्या लाजल्याच. भर दुपारी मादी पोट ओलं करून येते आणि अंड्यांवर बसते, गार राहावीत म्हणून, हेही त्यांनीच मला दाखवलं. रोज आल्या आल्या विचारायच्या, "बसली आहे ना?" एके दिवशी सकाळी दुर्बिणीला डोळा लावून ओरडल्या, "दोन! दोन पिल्लं!" कापसाचे बोळे वाळूत हलत होते.

त्यानंतर चौथ्या सकाळी शिरिषाच्या शेंड्यावर कावळा बसलेला होता. त्याला घाई नव्हती. तो नुसता बघत होता. आई मासे मारायला थोडी लांब गेली तेव्हा तो सरळ खाली उतरला.

नर त्याच्यावर तुटून पडला. पण एकटा पक्षी किती पुरणार? कावळा वाकला, उठला, पुन्हा शिरिषावर गेला. चोचीत बोळा होता. ताई उठून टाळ्या वाजवू लागल्या, "हाड! हाड!" करून ओरडू लागल्या. मध्ये पाव मैल पाणी. मग यमुनाबाईंचा हात धरला, "चला, नाव काढा, दुसरं तरी वाचवू."

"आपन गेलो त जोडी उडल, ताई," यमुनाबाई म्हणाल्या. "मंग कावळ्याला रान मोकळंच."

आम्ही बसून राहिलो. काहीच करता येत नव्हतं. अर्ध्या तासाने कावळा पुन्हा आला, त्याच फांदीवर बसला, आणि दुसरंही गेलं. सुरयची जोडी त्या रिकाम्या खळग्यावर ओरडत दुपारपर्यंत फिरत राहिली. त्या फांदीला मी आठ महिने कॅनने पाणी घातलं होतं. मला इतकी शरम कधी वाटली नाही, आणि ती मी कोणाला सांगूही शकत नव्हतो, कारण ज्यांना सांगायचं त्या दोघी शेजारीच बसल्या होत्या.

ताईंनी छत्री मिटली. खुर्चीची घडी घातली. मग मला म्हणाल्या, "कुऱ्हाड कुठे मिळते?"

"आत्ता नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "आत्ता तिकडल्या अंगाला टिटवी अंड्यावं बसलीय. दिवाळी झाली का या."

दिवाळीनंतर आलो. ग्रुपमधल्या पन्नासांपैकी सात जण आले. त्या सातांना ताईंनी कसं पटवलं हे मला माहीत नाही, पण उरलेल्यांनी ताईंना व्हॉट्सअॅपवरून काढून टाकलं एवढं कळलं. आदल्या फेरीत बांधलेल्या राख्या ताईंनी स्वतः एकेक सोडल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. मग आम्ही कामाला लागलो. सुबाभूळ नुसती तोडली तर दुप्पट फुटते, म्हणून बुंधे खणून काढावे लागतात. मजुरांबरोबर मीही खणलं. गडी म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा." मी बसलो नाही. जे लावताना बसलो नव्हतो, ते काढताना बसणं बरं दिसलं नसतं.

शेवटी शिरीष राहिला. कुऱ्हाड माझ्याच हातात होती आणि ती वर जात नव्हती. ताईंच्या ते लक्षात आलं. हळूच म्हणाल्या, "एक ठेवू या का? तुमच्यासाठी?"

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. यमुनाबाई नावेतूनच बोलल्या, "कावळ्याला बसाया येकच लागतं."

मग मी घाव घातला. झाड पडलं तसा त्याचाही बुंधा खणायला घेतला.

तुम्हाला वाटेल, पुढच्या मार्चला पक्षी आले. नाही आले. त्याच्या पुढच्याही नाही. मी दर पावसाळ्यानंतर बेटावर जाऊन सुबाभळीची नवी रोपं उपटत होतो आणि गावात चहाच्या टपरीवर ऐकत होतो, "गारडसाहेबानं झाडं बी घालवली आन् पाखरं बी." मी चहा संपवून निघायचो. शेवटचं काम म्हणून सगळ्या नाववाल्यांना एकत्र बसवलं आणि मार्च ते जून बेटावर कोणीही पाय ठेवायचा नाही, असं ठरवून घेतलं. काहींनी सही केली, काहींनी अंगठा. रज्जाकभाई म्हणून एक नाववाले होते, ते हसत म्हणाले, "साहब, पाखरं नाहीत, पण बंदोबस्त पक्का." त्याच महिन्यात मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात साहेबांनी बेटाचा उल्लेख टाळला, ते त्यांचं चांगलं मन.

नाशिक रोडला मुलाकडे राहायला आलो. सकाळी फिरायचं, दूध आणायचं, नातीला शाळेत सोडायचं. बेटाबद्दल बोलायचं नाही असं घरात न ठरवता ठरलं होतं. मग गेल्या मार्चमध्ये एके दिवशी फोन वाजला. यमुनाबाई फोनवर नमस्कार वगैरे करत नाहीत. "टोपीवाले आले," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी मंजिरीताईंना कळवलं आणि मिळेल ती बस पकडली. काठावर पोचलो तेव्हा धाप लागली होती. लांबवर बेटाच्या वाळूवर पांढरे ठिपके दिसत होते, हलत होते, उठत होते, बसत होते. मी सरळ नावेकडे गेलो आणि आत पाय टाकला.

"कुठं निघाले?" यमुनाबाईंनी विचारलं.

"बेटावर. पाच मिनिटं. उतरत नाही, फक्त जवळून..."

"नाय."

"अहो, मी!"

"सगळे पाचच मिन्टं म्हनत्यात. जूनपातूर कोनीच नाय. तुम्हीच अंगठे घेतले आमचे. आता तुम्ही गारड बी नाय अन् साहेब बी नाय. उतरा."

मला राग आला. खरंच आला. एवढी वर्षं वाट पाहिली, हातांना घट्टे पाडले, स्वतःची झाडं तोडली, लोकांची बोलणी खाल्ली, आणि आता पाहायला मिळायचं तर लांबून. मी नावेतून उतरलो ते पाय आपटतच. तोवर ताई पोचल्या. त्यांनीही विचारून पाहिलं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं, आणि आम्ही दोघं काठावरच्या बाभळीखाली शिक्षा झालेल्या मुलांसारखे बसलो. दुर्बीण एकच होती, ती पाळीपाळीने घेतली. ताईंनी एकतीस मोजले, मी चौतीस. यावर आमचं थोडं वाजलं.

एवढ्यात पलीकडच्या उसातून एक कावळा निघाला आणि सरळ बेटाकडे गेला. ताईंनी माझा हात घट्ट धरला. कावळा बेटावर पोचला, त्याने एक चक्कर मारली, दुसरी मारली. टेकायला काहीच नव्हतं. तेवढ्यात वाळूवरून सगळे पांढरे पक्षी एकदम उठले आणि ओरडत त्याच्यावर गेले. कावळा खाली-वर झाला, वळला, आणि पाण्यावरून जीव घेऊन आमच्या काठाकडे उडत आला. येऊन बसला तो आमच्याच डोक्यावर, बाभळीच्या फांदीवर, चोच उघडी टाकून धापा टाकत.

ताई त्याला उडवायला उठल्या. मी त्यांना बसवलं. म्हटलं, असू द्या ताई, एवढं मोठं बेट, पण बिचाऱ्याला तिथे बसायला जागा नाही.